मसाल्याच्या पाकिटावर मिरचीचे नाव हवे

उन्हाळा लागला की लालबागच्या मसाला गल्लीत गिरगाव, दादर, परळची कुटुंबे वर्षभराचा मसाला करून घ्यायला येतात. त्यांच्या यादीत नुसती ‘मिरची’ नसते. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी पांडी किंवा लवंगी, चवीसाठी संकेश्वरी, असे प्रमाण घरोघरी ठरलेले असते. ही यादी म्हणजे जनुकीय विविधतेचा रोजच्या जेवणातला उपयोगच.

बेडगी आणि ढोबळी मिरची दिसायला कितीही वेगळ्या असल्या, तरी दोन्ही ‘कॅप्सिकम ॲनम’ या एकाच प्रजातीच्या. मूळची अमेरिका खंडातली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. पुढे त्या त्या मातीत, हवामानात शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून बी राखले आणि त्यातून स्थानिक वाण घडले.

लाल म्हणजे तिखट, हा समज खरा नाही. तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. ते बियांमध्ये नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात तयार होते. ‘पन-१’ हे जनुक निकामी झाले की तिखटपणा उरत नाही. ढोबळी मिरची हे त्याचेच उदाहरण. लाल रंग मात्र कॅप्सँथिनसारख्या रंगद्रव्यांचा असतो आणि त्यांची जनुके वेगळी. म्हणून बेडगी गडद लाल असूनही सौम्य असते.

हे वाण शेतात लावले जातात तोवरच खऱ्या अर्थाने टिकतात. संकरित बियाणे जास्त उत्पादन देते, त्यामुळे त्याकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी तेच गुण देत नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि घरचे बी राखण्याची सवय मोडते. शिवाय कीटकांमुळे शेजारच्या शेतातले परागकण मिसळतात, त्यामुळे जुना वाण शुद्ध राखणेही अवघड होते.

याची किंमत पुढे मोजावी लागते. २०२१ मध्ये ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’ या परदेशी फुलकिड्याने आंध्र, तेलंगणा आणि कर्नाटकातील मिरचीचे मोठे नुकसान केले. अशा किडी-रोगांना तोंड देणारे गुण पैदासकार जुन्या वाणांत आणि रानटी भाईबंदांतच शोधतात. वाण गेला की तो गुणही गेला.

बेडगीला २०११ मध्ये, तर गोव्यातील खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विदर्भातील भिवापुरी मिरचीलाही ते आहे. पण मानांकन नावाला संरक्षण देते; बी पेरण्याची हमी देत नाही. त्यासाठी कृषी विद्यापीठांनी शुद्ध बियाणे पुरवावे आणि बाजाराने वाणाला वेगळा भाव द्यावा.

पाकिटावर केवळ ‘मिरची पावडर’ छापले, तर तो भाव मिळणार कसा? वाण आणि गाव, दोन्हींचा उल्लेख सक्तीचा हवा. अस्सल देशी वाण थोडा महाग पडेल, हे खरे. पण ग्राहकाने नाव विचारले, तरच शेतकऱ्याला त्याचे बी राखणे परवडेल. लालबागमध्ये नाव घेऊन मिरची मागण्याची रीत आजही आहे. ती पाकीटबंद मसाल्यालाही लागू व्हायला हवी.