प्रश्न विचारण्यासाठी जागा हवी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. शहरातील एका महाविद्यालयात तो संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याच्या पिशवीत गुळगुळीत मुखपृष्ठाची एक छापील वही आणि सोनेरी कडांचे एक प्रमाणपत्र होते. वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या त्याच्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून एका खासगी वर्गाचे पंचेचाळीस हजार रुपये भरले होते. “दादा,” तो म्हणाला, “तीन महिन्यांत सॉफ्टवेअर एजंट बनवायला शिकवू, असं सांगितलं होतं. सगळं लिहून घेतलं, परीक्षाही पास झालो. पण घरी बसून केलं तर एकही प्रोग्राम चालत नाही. वर्ग संपला, आता विचारू कोणाला?”

आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. वहीतील प्रोग्राम जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला होता आणि मधल्या काळात त्या साधनाची नवी आवृत्ती आली होती. दोन ओळी बदलताच प्रोग्राम चालू लागला. त्याची अडचण दहा मिनिटांची होती, पण ती उराशी घेऊन तो तीन आठवडे बसला होता. आपली बुद्धीच कमी पडते, असे त्याने मनाशी जवळजवळ ठरवून टाकले होते. या तीन आठवड्यांविषयीच मला या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम, एजंट म्हणजे काय? आपल्याकडे हा शब्द उच्चारला की विम्याचा किंवा आरटीओ कार्यालयाबाहेरचा एजंट डोळ्यांपुढे उभा राहतो. ही तुलना फारशी चुकीची नाही. आपण त्याला काम सांगतो. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता अर्ज भरायचा, कोणता कागद कमी आहे हे तो पाहतो आणि एक वाट बंद झाली तर दुसरी धरतो. सॉफ्टवेअर एजंटही असेच करतो. त्याच्या केंद्रस्थानी भाषा समजून उत्तर देणारे एक मॉडेल असते. त्याला काही साधने दिलेली असतात: कागदपत्र वाचणे, माहिती शोधणे, हिशेब करणे, पत्र पाठविणे. सांगितलेले काम पाहून तो एक साधन निवडतो, त्याचा परिणाम तपासतो, पुढचे पाऊल ठरवितो आणि काम संपेपर्यंत हे चक्र चालू ठेवतो. चॅटबॉट केवळ बोलतो, एजंट कृती करतो. म्हणूनच त्याला कोणते अधिकार द्यावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हा त्याच्या रचनेतील सर्वांत गंभीर प्रश्न असतो.

ही कल्पना नवी नाही. स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपले गाजलेले पाठ्यपुस्तक १९९५ मध्ये एजंट या संकल्पनेभोवतीच रचले होते. गेल्या तीन-चार वर्षांत भाषेची मॉडेल्स सक्षम झाली आणि पुस्तकातील ही कल्पना महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. पायथॉन भाषेच्या शंभर-सव्वाशे ओळींत आज साधा एजंट लिहिता येतो.

तो शिकण्यासाठी पंचेचाळीस हजार रुपये लागत नाहीत, ही गोष्ट पालकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ विनामूल्य आहेत. त्यात लिनक्स, लिबरऑफिस यांसारख्या विषयांचे मराठी निवेदनही मिळते. संगणकाशी पहिली ओळख मातृभाषेत होण्याची ही उत्तम सोय आहे. पायथॉनचेही पाठ तेथे आहेत. त्यानंतर एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचे प्राध्यापक दीपक खेमानी यांची कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्याख्याने ऐकावीत. अनेक वाटांपैकी एक वाट यंत्र कशी निवडते, याचा पाया त्यांतून पक्का होतो. व्याख्याने ऐकण्यास शुल्क नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच ते भरावे लागते. प्रत्यक्ष एजंट बांधण्यासाठी ‘हगिंग फेस’ या संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केलेला अभ्यासक्रम विनामूल्य आहे आणि त्याचे प्रमाणपत्रही विनामूल्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एआय एजंट्स फॉर बिगिनर्स’ या पाठमालेचा मराठी अनुवादसुद्धा उपलब्ध आहे. तो यंत्राने केलेला असल्यामुळे इंग्रजी पाठ शेजारी उघडा ठेवून वाचावा. स्वतःचा संगणक दुबळा असेल तर ‘गूगल कोलॅब’वर ब्राउझरमधूनच काम करता येते, बरा असेल तर ‘ओलामा’च्या साहाय्याने एखादे लहान मॉडेल त्यावर उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही सराव करता येतो.

मग अडते कोठे? माझ्या मते साधनांची टंचाई आता राहिलेली नाही. टंचाई आहे ती सोबतीची. पाठ पाहणारा विद्यार्थी अडतो तेव्हा पाठ थांबून त्याच्याकडे पाहत नाही. जगभरच्या मंडळींना इंग्रजीत प्रश्न विचारता येतो, हे खरे. पण ज्याने कधी इंग्रजीत चार वाक्ये लिहून अनोळखी माणसांपुढे ठेवलेली नाहीत, तो आपले अज्ञान तेथे उघड करीत नाही. ज्याच्या घरात भाऊ, काका, शेजारी अभियंते आहेत, त्याची अडचण जेवणाच्या ताटावर सुटते. आपल्या मुलांची अडचण तीन आठवडे टिकते ती याच कारणाने. हे अंतर बुद्धीचे नाही, ओळखीपाळखीचे आहे.

आपल्या शहराला ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नसावी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. त्याच्या परिसराला उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव मिळाले आणि महाविद्यालयाला मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे. विद्येच्या घरावर प्रश्नकर्त्याचे नाव असावे, याचा अर्थ मला नेहमीच मोठा वाटत आला आहे. विचारणारा आणि सांगणारा एका ठिकाणी बसू शकतील अशी जागा निर्माण झाली, म्हणून मराठवाड्यातील कितीतरी घरांत पहिला पदवीधर जन्माला आला.

अशा जागेतून संगणकाच्या क्षेत्रात काय उभे राहते, याचे एक मराठी उदाहरण पुण्याचे आहे. तेथील ‘एल३क्यूब’ या गटात पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या पदवी वर्गातील विद्यार्थी एका अनुभवी मार्गदर्शकाबरोबर एकत्र आले आणि त्यांनी संगणकाला मराठी कळावी यासाठी साहित्य तयार केले. २०२१ मध्ये त्यांनी मराठी ट्वीट्समधील भावना ओळखण्यासाठीचा ‘महासेंट’ हा संच प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी व्यक्ती, स्थळे, संस्था यांची नावे हाताने चिन्हांकित केलेली २५,००० वाक्ये ‘महानेर’ या नावाने खुली केली. हे काम करणारे नामवंत शास्त्रज्ञ नव्हते. एक मार्गदर्शक, काही विद्यार्थी आणि नियमित भेट एवढेच त्यांचे भांडवल होते. ते आपल्याजवळ नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?

शहरात आधाराची ठिकाणेही आहेत. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात मराठी बोलणे यंत्राला ओळखता यावे, यावर संशोधन झालेले आहे. विद्यापीठ परिसरातच केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ या संस्थेचे केंद्र आहे. पुण्यात पायथॉन वापरणाऱ्यांचे मेळावे भरतात आणि त्यांत विद्यार्थ्यांना मज्जाव नसतो. ‘फॉस युनायटेड’सारख्या मंडळी मुक्त सॉफ्टवेअरसाठी शहरोशहरी लोकांना एकत्र आणतात. तथापि पहिल्याच दिवशी एकट्याने अशा मेळाव्याला जाणे आपल्या मुलांना, त्यातही मुलींना, अवघड जाते. चौघे मिळून गेले तर तीच वाट सोपी होते, आणि हे चौघे आपल्या घरातच तयार व्हावयास हवेत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात दर रविवारी दोन तास एक अभ्यासमंडळ बसावे. नववी-दहावीची इच्छुक मुले, महाविद्यालयात गेलेले माजी विद्यार्थी आणि या व्यवसायात नोकरी करणारे आपण त्यात असू. पुणे, मुंबई, हैदराबाद येथील माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार दूरदृश्य माध्यमातून द्यावा. वसतिगृहात संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी वरच्या वर्गातील दादा-ताईंनी आपली गणिते समजावून दिली होती, हे आपल्यापैकी कोण विसरला आहे? तीच रीत नव्या विषयात चालवावयाची आहे. मंडळाचा एकच नियम असावा: प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल आणि कोणत्याही प्रश्नाला हसावयाचे नाही.

पहिले काम म्हणून शिष्यवृत्तीचा विषय घ्यावा. दरवर्षी महाडीबीटीचा अर्ज भरताना आपल्या कित्येक पालकांचे कामाचे दिवस बुडतात. एखादा दाखला राहून जातो, मुदत टळते. शासनाचे परिपत्रक वाचून ‘या विद्यार्थ्याला कोणते दाखले लागतील आणि शेवटची तारीख कोणती’ हे सोप्या मराठीत सांगणारा छोटा एजंट मुलांनी बांधावा. तो चुकेल. गेल्या वर्षीच्या परिपत्रकातील तारीख या वर्षाची म्हणून ठामपणे सांगेल. खरे शिक्षण तेथूनच सुरू होईल. प्रत्येक उत्तराशेजारी परिपत्रकातील मूळ वाक्य दाखविण्याची अट मुले त्याला घालतील, माणसाने तपासल्याशिवाय उत्तर बाहेर जाऊ देणार नाहीत, आणि आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी त्याच्या हाती का द्यावयाचा नाही, हे त्यांना आपोआप उमजेल.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, आता यंत्रच प्रोग्राम लिहू लागले आहे, मग मुलांनी शिकून काय करावयाचे? त्यात तथ्य आहे. केवळ ओळी टंकण्याच्या कामाचे मोल उतरत चालले आहे. परंतु काम नेमके कोणते, उत्तर बरोबर की चूक, अधिकार किती द्यावयाचा, हे ठरविणारा माणूस लागणारच. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. उद्या शेतकऱ्याला, रुग्णाला, शिष्यवृत्तीच्या अर्जदाराला यंत्र मराठीत उत्तर देईल. ते उत्तर कोणाच्या अनुभवावर घडले, कोणाची बोली त्याला कळली आणि कोणाची कळली नाही, हे ते बांधणारे ठरवतील. त्या बांधणाऱ्यांत आपली मुले नसतील, तर दाराबाहेर ताटकळण्याची जुनी गोष्ट नव्या वेशात परत येईल.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे: मुलांची दहावी आधी नीट होऊ द्या. हा आक्षेप मी आदराने मान्य करतो. म्हणूनच मंडळ आठवड्यातून दोन तासांचेच असावे आणि परीक्षेच्या काळात ते बंद राहावे. पण ज्या घरातून पंचेचाळीस हजार रुपये कर्ज काढून दिले जातात, त्या घराला या विद्येची निकड वाटत नाही, असे मात्र कोणी समजू नये. निकड आहे, माहिती नाही. तेव्हा पालकांना माझी एकच विनंती आहे: कोठेही पैसे भरण्यापूर्वी या मंडळात येऊन विचारावे.

तो विद्यार्थी परत निघाला तेव्हा त्याने वही पिशवीत ठेवली आणि माझा दूरध्वनी क्रमांक मागून घेतला. मी तो आनंदाने दिला. परंतु एका माणसाचा क्रमांक ही व्यवस्था नव्हे. मी आजारी पडेन, बदलून जाईन, मलाही उत्तर ठाऊक नसेल. ज्या दिवशी त्याला ‘कोणाला विचारू’ असे न म्हणता ‘रविवारी विचारतो’ असे म्हणता येईल, त्या दिवशी या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेचे काही देणे फेडले, असे मी समजेन. संगणक कक्ष आहे, रविवार आहे, आणि ही स्मरणिका हाती घेतलेल्यांत या व्यवसायातील माणसेही आहेत. शाळेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवण्याची विनंती मी करीत आहे. तिच्यात पहिले नाव माझे लिहावे.