पहिले पाणी सोडा, मग गाळा



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ती गाडी आपल्याच पंढरपूर-कुर्डुवाडीच्या रुळांवरून गेली. देशभर तिचे फोटो छापून आले. आता त्याच पाच लाख लिटरचा दुसरा हिशेब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडते. एक हजार चौरस मीटरचे छप्पर, म्हणजे एखाद्या हायस्कूलची इमारत किंवा बाजार समितीचे गोदाम धरा. त्यावर वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी पडते. दहा वाघिणींचे पाणी एका छपरावर पडते आणि पन्हळीतून खाली येऊन गटाराला मिळते.

करकंब भागात साधारण एवढाच पाऊस धरून आपण चालतो. उजनीचे धरण फार लांब नाही, पण कालव्याखालचे शिवार आणि कालव्यावरचे शिवार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बोअरचे पाणी मचूळ आणि क्षाराचे. चहा नासतो, डाळ शिजत नाही. नदीच्या पाण्यात वरच्या शहरांची घाण. म्हणून ज्वारी-कापूसवाल्याच्या घरातही आता विकतचा जार येऊन बसला आहे. ज्या घरात दुधाचा भाव मिळत नाही म्हणून आपण भांडतो, त्याच घरात पाण्याला रोज पैसे मोजले जातात.

अर्ध्या पावसातही भागते

मोठ्या गोदामाचे सोडा, साध्या घराचे पाहू. तीन खणांच्या पत्र्याच्या घराचे छप्पर तीस चौरस मीटर धरा. पाचशे मिलिमीटर पावसाचे पंधरा हजार लिटर होतात. उडालेले, सांडलेले, सोडून दिलेले वजा करून ऐंशी टक्के म्हणजे बारा हजार लिटर हाती लागते. वर्ष निम्मे गेले, पाऊस अडीचशेच पडला, तरी सहा हजार लिटर.

आता खर्च बघा. पाच माणसांचे घर, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे रोजचे पंचवीस. सहा हजार लिटर २४० दिवस पुरते. दसरा-दिवाळीपासून मृगापर्यंत आठ महिने होतात. दुष्काळी वर्षातही पिण्याचे पाणी घरच्या छपरावर पुरेसे पडते. धुणे, भांडी आणि जनावरांचे पाणी यातून भागणार नाही, तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण जे पाणी पोटात जाते, ते भागते.

मग लोक साठवत का नाहीत? त्याचे उत्तर गावोगाव एकच मिळते: साठवून पाहिले, वास आला, अळ्या झाल्या, पोरे आजारी पडली, सोडून दिले. छपराचे पाणी पिण्यालायक नसतेच, असा निकाल लागला. हा निकाल चुकीचा आहे असे आमचे ठाम मत आहे. आभाळातून पडते तेव्हा ते पाणी आपल्या कुठल्याही बोअरपेक्षा स्वच्छ असते. पत्र्यावरून टाकीत जाईपर्यंत आपण त्याची माती करतो.

पत्र्यावर काय असते

पावसाळा सरल्यापासून मृगापर्यंत पत्र्यावर काय काय साठते, ते एकदा शिडी लावून पाहा. गाडीवाटेची धूळ, मळणीचा भुसा, लिंबाचा पाला, पारव्यांची आणि मोरांची विष्ठा, चुलीची काजळी. कापसाचे रान घराला लागून असेल तर फवारणीचा तुषारही. पहिल्या सरीत हे सगळे विरघळून पन्हळीतून खाली येते. ते गाळणीत घातले तर गाळणी पहिल्याच दिवशी चोंदते, आणि जे विरघळलेले आहे ते वाळूतूनही आरपार जाते. म्हणून आमचे पहिले सांगणे गाळणीचे नाहीच. पहिले पाणी सोडून द्या.

किती सोडायचे? शास्त्राचा साधा अंदाज पहिल्या दोन मिलिमीटरचा आहे. तीस चौरस मीटरला ते साठ लिटर होते. आपल्याकडे धूळ जास्त, दोन पावसांत खंड मोठा, म्हणून शंभर लिटर धरा, म्हणजे अर्धे टिपाड. त्यासाठी पन्हळीच्या पाइपाला एक टी जोडा. खालचे तोंड झाकणबंद टिपाडात सोडा, आडवे तोंड गाळणीकडे न्या. टिपाड भरले की पाणी आपोआप पुढे वळते, भर पावसात कोणी उभे राहायला नको. टिपाडाच्या बुडाला बारीक भोक ठेवा, म्हणजे ते झिरपून पुढच्या पावसाआधी रिकामे होईल. ते पाणी शेवग्याच्या किंवा लिंबाच्या बुडात जाऊ द्या.

गाळणी विकत घ्यायची वस्तू नाही

दुसरे काम गाळणीचे. दोनशे लिटरचे एक टिपाड किंवा सिमेंटचे कडे घ्या. तळाला बोराएवढी खडी वीतभराहून थोडी कमी, त्यावर मक्याच्या दाण्याएवढी बारीक खडी चार बोटे, त्यावर फूटभर जाड वाळू. वाळू बाजरीच्या दाण्याहून बारीक आणि रव्याहून जाड असावी. पाणी नितळ येईपर्यंत ती धुवा, नाही तर वाळूतली मातीच टाकीत जाईल. वर मच्छरदाणीची जाळी, तिच्यावर पाण्याचा मार झेलायला चार दगड. वरचा फूटभर भाग रिकामा ठेवा. कोळशाचा थर हवा तर दोन जाळ्यांच्या मध्ये द्या आणि दरवर्षी बदला. त्याने वास कमी होतो, पण तो नसला तरी अडत नाही.

एवढी गाळणी पुरेल का? तासाला तीस मिलिमीटरचा जोरदार पाऊस आला तर आपल्या पत्र्यावरून तासाला नऊशे लिटर पाणी येते. टिपाडाच्या तोंडाचे क्षेत्र पाव चौरस मीटर असते. जाड वाळूतून एवढे पाणी उतरते. त्याहून मोठा पाऊस आला तर वरून सांडेल, त्याला बाहेरची वाट काढून ठेवा.

एक गोष्ट कापूसवाल्यांना निक्षून सांगायची आहे. औषधाचा डबा किंवा औषधाचे टिपाड या कामाला वापरायचे नाही. दहा वेळा धुतले, राखेने घासले, तरी नाही. तसेच सिमेंटच्या जुन्या झिजलेल्या पत्र्याचे आणि माळवदाच्या मातीवरचे पाणी पिण्यासाठी धरू नका. माळवदावर पत्रा टाकला असेल तरच ते पाणी कामाचे.

बाजारात छपराच्या पाण्यासाठी तयार गाळण्या मिळतात. त्यांतल्या एका प्रकाराची कुळी देवासला सापडते. मध्य प्रदेशातले देवास म्हणजे मराठा पवारांच्या दोन संस्थानांचे गाव. १९९० च्या टंचाईत तिथेही रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १९९९ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने भूजल संवर्धनाची मोहीम काढली आणि छपराचे पाणी कूपनलिकांत सोडायला सुरुवात केली. त्यासाठी १४० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपात तीन कप्पे पाडून, तीन आकारांचे गोटे भरलेली गाळणी वापरली. तिला देवास फिल्टर म्हणतात. उत्तम आणि स्वस्त काम होते. पण ती गाळणी बोअरमध्ये पाणी मुरवण्यासाठी आहे. ती कचरा अडवते, पिण्याचे पाणी देत नाही. कोणी तशीच नळी पिण्याच्या टाकीला लावा म्हणून दारात आला, तर त्याला हा फरक विचारा.

जंतूंचा बंदोबस्त टाकीनंतर

आपली वाळूची गाळणीसुद्धा सगळे जंतू अडवत नाही. जंतू अडवणारी वाळू बारीक लागते आणि तिच्यातून पाणी फार सावकाश उतरते. पावसाच्या लोंढ्याला ती पुरी पडत नाही. म्हणून कामाची वाटणी करायची. टाकीच्या आधी कचरा आणि गाळ थांबवायचा, जंतूंचा बंदोबस्त टाकीतून काढल्यावर करायचा. पाणी उकळा, नाही तर मेडिक्लोर वापरा. टाकीत पावडर टाकायची असेल तर गावच्या जलसुरक्षकाकडून मोजून टाकून घ्या आणि ओ.टी. टेस्ट डोळ्यांसमोर करायला लावा.

जुन्या सुती लुगड्याचे मोल विसरू नका. बांगलादेशातल्या मतलब भागात पासष्ट गावांत पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुनी सुती साडी किमान चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. जुने कापड नव्यापेक्षा चांगले गाळते, कारण वापरून त्याचे धागे फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. आपण पिकवलेला कापूस असा शेवटपर्यंत कामाला येतो. मात्र कापडाने सगळे जंतू जात नाहीत, उकळणे टळत नाही.

टाकी अंधारी आणि झाकणबंद हवी. उजेड गेला तर शेवाळ होते, डास गेला तर अळ्या होतात. हवेच्या आणि सांडव्याच्या तोंडाला जाळी लावा. पाणी तोटीने काढा, कळशी बुडवून नव्हे.

आता कोणते पाणी साठवायचे? रब्बी ज्वारीवाल्याला हे शिकवायला नको. आपली शाळू आभाळावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येते. तो ओलावा मुख्यतः उत्तरा-हस्ताच्या पावसाचा असतो. सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबरचा पाऊस सर्वांत मोठा. तोवर पत्रा दोन महिने धुऊन निघालेला असतो. मृगाचे पाणी वापरत राहा आणि पिण्याची टाकी उत्तरा-हस्ताच्या पाण्याने काठोकाठ भरून घ्या. पाऊस दगा देईल अशी शंका आली तर मिळेल त्या पावसाला भरा, पण पहिले शंभर लिटर सोडायचे ते सोडायचेच.

हे काम बाईच्या डोक्यावर टाकू नका

पाणी आणायचे बाईने, गाळायचे बाईने, आणि आता गाळणी धुवायची तीही बाईने, असे होणार असेल तर ही टाकी टिकणार नाही. मृगाआधी पत्रा झाडणे, पन्हळ साफ करणे, वरची चार बोटे वाळू काढून धुणे आणि दोन महिन्यांनी ते पुन्हा करणे ही कामे पुरुषांची. कुळवाचे फासे बदलायला आपण चुकत नाही, तसेच हे.

मागणी काय करायची

२०१९ पासून जलजीवन मिशनखाली दारोदार तोट्या बसल्या. तोटी बसली म्हणजे उन्हाळ्यात पाणी आले असे होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी गावांना निधी देताना त्यातला तीस टक्के वाटा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी बांधून दिला होता. आपल्या ग्रामपंचायतीने त्यातून किती पन्हळींखाली टाक्या बांधल्या, हा हिशेब ग्रामसभेत मागा. तोंडी नको, कागदावर मागा.

आणि पुढची मागणी नीट शब्दांत करा. सरकारी योजनेत गाळणीवर पैसा मंजूर झाला की ठेकेदार झळझळीत नळी बसवतो, फोटो निघतो, बिल निघते आणि दुसऱ्या मृगाला ती नळी चोंदलेली असते. आम्ही म्हणतो, गाळणी आम्ही करू. वाळू, खडी आणि धुणारे हात आमच्याकडे आहेत. आमच्याकडे नाही ती सहा हजार लिटरची पक्की टाकी, तिच्यासाठी पैसे द्या. ते ठेकेदाराला नकोत, घरधन्याला आणि घरधनिणीला द्या. ज्यांच्या डोक्यावर तीस मीटरचा पत्राही नाही, त्यांच्यासाठी शाळेचे, चावडीचे आणि सोसायटीच्या गोदामाचे छप्पर राखून ठेवा. त्या टाकीच्या तोटीवर पहिला हक्क त्यांचा, असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या.

करकंबच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजून आणावी. पत्रा कशाचा, पन्हळी किती, टाकीला जागा कुठे, एवढे कागदावर लिहून आणावे. बैठकीत एका टिपाडाची गाळणी सर्वांसमोर भरू. वाळू कोणी आणायची आणि टिपाड कोणी, हे गावनिहाय आधी ठरवा. रोहिणी निघण्याआधी प्रत्येक गावात निदान दोन घरे आणि एक शाळा तयार असली पाहिजे. मग पुढच्या उन्हाळ्यात टँकर मागताना आपल्याला तोंड वर करून सांगता येईल, की आमच्या छपराचा थेंब आम्ही राखला, आता धरणातल्या आमच्या वाट्याचे बोला.