भाजीबरोबर कृतीही मागून घ्या

वसईत ‘होळी’ म्हटलं की सणाआधी बाजार आठवतो. वाड्यांवरची ताजी भाजी, केळी, अळूची पानं घ्यायला लोक इथे येतात. पावसाच्या तोंडावर वसई-विरारच्या बाजारांत आणि स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसलेल्या दिसतात. शेवळांच्या जुडीसोबत लहान हिरव्या फळांचा वाटा असतो, ती काकडं. नवीन माणूस हमखास विचारतो, “मावशी, हे कशाला?” उत्तर येतं, “शेवळात घाल, नायतर घसा खाजंल.”

हे उत्तर शास्त्राला धरून आहे. शेवळं ही सुरणाच्या कुळातली. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. आतला पिवळा भाग काढून टाकला, काकडाचा किंवा चिंचेचा आंबटपणा दिला आणि भाजी भरपूर शिजवली की त्रास कमी होतो. पाकिटबंद पदार्थावर सूचना छापलेली असते. इथे ती विकणारी बाई तोंडी देते. ती न ऐकता घासाघीस करून जुडी उचलून नेणारा पुन्हा शेवळांच्या वाटेला जात नाही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आम्ही दिवसभर सांगत असतो, हिरव्या भाज्या खा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रुग्णांना हे पटतं, ते मानही डोलावतात. पण पुढच्या खेपेला विचारलं तर घरात पालक आणि मेथी, फार तर कोबी. कारण साधं आहे. जी भाजी करता येते तीच माणूस विकत घेतो. टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली समोर दिसतात, पण निवडायचं काय, टाकायचं काय, कांदा घालायचा की डाळ, हे सांगायला कोणी नसतं. माझ्या मते आमच्या आहारतक्त्यांमधली मोठी उणीव हीच आहे. त्यांत ग्रॅम असतात, कृती नसते.

कृती मिळते ती शेजारून. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. वाडवळ, कुपारी, आगरी, कोळी, भंडारी ही इथली जुनी घरं. त्यांत कोकण, घाटमाथा, गुजरात, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं मिसळली. एका मजल्यावर चार स्वयंपाकघरं, चार चवी. वाडवळांच्या घरची उकडहंडी थंडीत एकदा शेजारी पोचली की कोनफळ, कंद, पापडी, शेवगा एकत्र शिजतात हे त्या घरालाही कळतं. ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटला जातो. त्याचं प्रमाण विचारलं तर बाई आधी थोडं हसते, मग सांगते, बहुधा एखादी वस्तू गाळून!

सुकटीच्या वासावरून सोसायटीत तक्रार करणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. सुकट म्हणजे कमी पैशांत प्रथिनं आणि कॅल्शियम. खाऊ नका हवं तर, पण दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडून शेजार टिकत नाही.

शेजाराचा आरोग्याशी संबंध आहेच. जगात सहापैकी एक माणूस एकाकी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या २०१७ च्या अभ्यासात, इतरांसोबत वरचेवर जेवणारे लोक अधिक समाधानी आढळले. अर्थात समाधानी माणसांनाच जास्त आमंत्रणं येत असतील, ही शक्यता उरते. तरी एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत मला शंका नाही. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, म्हणून चहा-खारीवर रात्र काढणारी माणसं आम्ही तपासतो. वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं. त्यांना टॉनिकआधी कुणाची तरी वाटीभर भाजी हवी असते. शक्य असेल तर ती देऊन लगेच निघू नये, दोन घास त्यांच्यासोबत बसून खावेत. वाटी परत करताना त्यांना त्यांच्या आईची एखादी कृती विचारावी. पुष्कळदा त्या दिवशी ते स्वतःहून काहीतरी शिजवतात.

डॉक्टर म्हणून काही गोष्टी सांगायलाच हव्यात. रानभाजी मोबाइलवरच्या फोटोवरून ओळखून तोडू नका. विषारी पाला सारखाच दिसू शकतो, म्हणून ती जाणत्या माणसाकडूनच घ्या. पावसाळ्यात शिजवलेलं अन्न तासन् तास बाहेर ठेवून मग वाटू नका. सुकेळी ही वसईची लाडकी भेट, पण वाळवलेल्या राजेळी केळ्यात साखर एकवटलेली असते. मधुमेह असेल तर लहान तुकडा पुरे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये. मूतखडा होऊन गेलेल्यांनी शेवळं, अळू, पालक बेतानेच खावेत. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी केळी, कंद बंद केले असतील, तर “एवढ्याने काय होतंय” म्हणून शेजाऱ्यांनी आग्रह करू नये. त्याच्यासाठी काय चालतं ते आधी त्याच्या घरच्यांना विचारावं.