डीजेला सुपारी, गाणाऱ्या पोरांना पंधरा मिनिटे!

जयंतीच्या वर्गणीची बैठक होती. सफाळ्याजवळच्या आमच्या वस्तीतली पंचवीस-तीस माणसे विहारात जमली होती. वर्गणी किती, मंडप कुणाचा, भोजनदान कुणाकडे, हे सगळे ठरले. शेवटी सहा पोरे उभी राहिली. चार मुलगे, दोन मुली. कुणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, कुणी पालघरच्या कॉलेजात शिकणारी. त्यांनी मिळून गाण्याचा गट केला होता. गाणी स्वतः लिहिलेली, चालीही स्वतःच्या. जवळ एक ढोलकी आणि एक जुना कीबोर्ड. मिरवणुकीनंतर त्यांना दीड तास आणि दोन माइक हवे होते. बैठकीने त्यांना पंधरा मिनिटे दिली आणि डीजेची सुपारी त्याच रात्री पक्की केली.

डीजेसाठी हात वर करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. म्हणून हा लेख आधी स्वतःसाठी आहे, मग वाचकांसाठी.

जयंतीच्या दिवशी ती पंधरा मिनिटेही पुरती मिळाली नाहीत. दोन गाणी झाली आणि डीजेचा जनरेटर सुरू झाला. पोरे मुकाट्याने खाली उतरली. आता त्यांच्यातली दोघे सरावाला येत नाहीत. त्यांचे काय चुकले? काहीच नाही. चुकले ते आपले!

गाण्याचा गट कसा जन्मतो आणि पहिली दोन-तीन वर्षे कशी काढतो, हे आपण विसरलो आहोत. तेव्हा थोडे मागे जाऊन पाहू.

२००२ साल घ्या. त्या वर्षी एका संगीत वाहिनीने ‘पॉपस्टार्स’ नावाची स्पर्धा घेतली. हा साचा मूळचा न्यूझीलंडचा, १९९९ सालचा. ऑडिशन घेऊन पाच मुली निवडल्या आणि ‘विवा’ नावाचा गट उभा केला. गळे चांगले होते, मुली मेहनती होत्या. निवड वाहिनीची, पैसा कंपनीचा, कपडे, कॅमेरा, जाहिरात सगळे तयार. त्याच वर्षी अल्बम आला. पुढच्या वर्षी ‘आस्मा’ नावाचा दुसरा गट त्याच पद्धतीने काढला. पण थोड्याच वर्षांत दोन्ही गट संपले. त्यांतल्या अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, नीती मोहन यांनी पुढे एकेकटीने नाव कमावले. गळे टिकले, गट टिकले नाहीत. ज्यांनी गट उभे केले त्यांची गरज संपली, आणि गटाला आपला म्हणणारा समाज तर पाठीशी कधी नव्हताच.

त्याच २००२ साली पुण्यात आणखी एक गट जन्मला, कबीर कला मंच. गुजरातमधल्या हत्याकांडाने अस्वस्थ झालेली वस्त्यांमधली तरुण पोरे एकत्र आली. त्यांना कुणी निवडले नव्हते, त्यांच्यामागे कंपनी नव्हती. हातात डफ, आणि बोलायचे होते ते जातीबद्दल, भुकेबद्दल, बाईच्या माणूसपणाबद्दल. आनंद पटवर्धन यांच्या ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात ही मुले दिसतात. सत्तेने त्यांना सुखाने गाऊ दिले नाही. २०११ मध्ये अटका झाल्या. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात मंचाच्या आणखी तिघांना अटक झाली. त्यांच्या सगळ्या राजकारणाशी प्रत्येकाने सहमत व्हावे असे नाही. परंतु इतके सोसूनही गट गात राहिला, हे कुणालाच नाकारता येणार नाही. एकाच वर्षी जन्मलेल्या या गटांत फरक कशाचा? गळ्याचा नव्हे, पाठीशी कोण उभे आहे त्याचा!

आणि ही आपली जुनीच शिकवण आहे. पॉप म्हणजे लोकप्रिय. मग या महाराष्ट्रातले आपले पहिले पॉप गट कोणते? आंबेडकरी जलसे! काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० साली सुरू झाला आणि त्याच दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरू लागला. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय आधीच बदलला होता. कर्डक मंडळींनी त्यात आपली लढाई ओतली. सुरुवातीच्या जलशांत बाईचे काम पुरुषच करायचे. मंडळी दिवसा कष्ट करायची आणि रात्री गायची. बिदागी म्हणजे वस्तीने वाढलेली भाकर. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे जुनी माणसे सांगत आली. बंधू-भगिनींनो, त्या जलशांना पहिल्या वर्षी कुणी पंधरा मिनिटे दिली असती, तर ती परंपरा उभी राहिली असती काय? अडाणी म्हणवल्या गेलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी रात्र-रात्र बसून ते गाणे ऐकले. म्हणून पुढे वामनदादा कर्डक झाले, विठ्ठल उमप झाले, प्रल्हाद शिंदे झाले.

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठाने आक्षेप घेतला होता. ही पोरे मध्येच रॅप करतात, हे भीमगीत नव्हे, म्हणाले. दादांचा मान राखून सांगतो, कव्वालीच्या चालीवर भीमगीते आली तेव्हा ती कव्वाली तरी आपली कुठे होती? आपण ती आपली केली. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गट उभा केला. ६ जानेवारी २०१८ रोजी त्याचा पहिला कार्यक्रम झाला. त्यांनीही गायक-वादक निवडूनच घेतले होते, म्हणजे निवड करणे वाईट नाही. पण नाव घेतले पंडित अयोध्यादास यांच्या जातिविहीन तमिळ या विचारातून, आणि गाणे उचलले उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधले ‘गाना’. त्याला रॅप आणि रॉकची जोड दिली. त्यातली इसैवाणी ही गाना गाणारी मुलगी २०२० साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत पोहोचली.

आणखी एक आक्षेप तरुणांचा. वर्षातून एक दिवस नाचू नये का? जरूर नाचावे! ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या रस्त्याने ताठ मानेने चालू दिले नाही, त्यांनी त्याच रस्त्यावर नाचावे. आमचा विरोध नाचाला नाही. आमच्या याच जिल्ह्यात तारपेवाला मध्ये उभा राहतो आणि त्याच्याभोवती अख्खा पाडा हातात हात गुंफून फिरतो. तिथे वाजवणारा आणि नाचणारा एकमेकांना ओळखतात. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याला गाणे कुणी लिहिले, कुणी गायले, हे ठाऊक नसते. सकाळी ट्रक निघून जातो, आणि आपली वर्गणीही त्याच्याबरोबर जाते.

मग करायचे काय? पहिले, डीजेच्या बिलातला निदान चौथा हिस्सा गाणाऱ्या गटासाठी बाजूला काढा आणि तो एकदाच नव्हे, लागोपाठ तीन वर्षे द्या. पहिल्या वर्षी गट चुकेल, बेसूर होईल. होऊ द्या. दुसरे, आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराची खोली सरावाला द्या. पाळी सुटून लोकलने उशिरा येणाऱ्या पोरांसाठी किल्ली कुणीतरी सांभाळा. मुलींच्या घरी ज्येष्ठ बायांनी स्वतः जाऊन बोलावे. रात्री उशीर होतो म्हणून पहिली गळते ती मुलगीच. तिसरे, गाणे रेकॉर्ड करताना कागद वाचून सही करा. कॅसेटच्या काळात आपल्या कित्येक कवी-गायकांनी ठोक रकमेवर गाणी देऊन टाकली. ती गाणी घराघरात वाजली आणि लिहिणाऱ्याचे घर गळतच राहिले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क कायद्याने राखला गेला. हे आपल्या पोरांना कोण सांगणार? वस्तीतल्या वकिलाने सांगावे!

बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले. सहा पोरे एका सुरात गातात, हीसुद्धा संघटनाच आहे, आणि ती कोवळी आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत प्रस्तुत लेखक दीड तासाचा ठराव मांडणार आहे. गळालेल्या त्या दोघांच्या घरी मात्र त्याआधीच, या रविवारी जाणार आहे. वाचकांनी आपापल्या वस्तीत अशी पोरे शोधावीत. ती आहेत. माइक मिळत नाही म्हणून गप्प आहेत, एवढेच.

जयभीम!