प्रकाशस्रोत इंदुरात, प्रश्न सांगली-साताऱ्याचा

सांगली किंवा साताऱ्याच्या महाविद्यालयातील संशोधकाला आपला पदार्थ अतिप्रखर क्ष-किरणांनी तपासायचा असेल, तर इंदूर गाठावे लागते. देशातील सिंक्रोट्रॉन तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातच आहेत. 'इंडस-१' १९९९ मध्ये, तर अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा 'इंडस-२' २००५ मध्ये प्रकाशमान झाला.

त्यानंतर जग पुढे गेले. वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकांमुळे वळताना हा प्रकाश सोडतात. नव्या पिढीच्या यंत्रांत अनेक लहान चुंबक हे वळण टप्प्याटप्प्याने देतात. त्यामुळे झोत बारीक राहतो आणि प्रकाश कितीतरी पटींनी तेजस्वी होतो. स्वीडनच्या 'मॅक्स-फोर'ने २०१६ मध्ये हा मार्ग खुला केला.

आपल्याला धडा घ्यायचा तो ब्राझीलकडून. त्याचा पहिला स्रोत १९९७ चा, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम दोन वर्षे आधीचा. मात्र २०१९ मध्ये तेथे 'सिरियस'च्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरू लागले. त्याचे चुंबक घडविले ते विद्युत मोटारी बनविणाऱ्या ब्राझीलमधीलच कंपनीने.

१९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या सांगली जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. चुंबक, निर्वात नळ्या, शीतकरणाचे पंप, सूक्ष्म अंतराच्या अचूकतेने केलेली जोडणी ही अखेर कारखान्यांचीच कामे आहेत. असे यंत्र उभारून कार्यान्वित करण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणूनच निर्णय लांबला, तर केवळ शास्त्रज्ञांची नव्हे, कारागिरांचीही एक पिढी या संधीला मुकेल.