मंडळात काम करणारीला काय मिळते?

महिला मंडळासाठी झटणाऱ्या बाईचा सत्कार होतो, तेव्हा घरदार सांभाळून तिने इतरांसाठी किती सोसले याचेच गुणगान होते. तिला स्वतःला काय मिळाले, हे कुणी विचारत नाही. विचारले तर तिच्या निःस्वार्थीपणाला डाग लागेल अशी भीती असते. ती अनाठायी आहे. मिळकत उघड सांगितली, तरच आणखी बायका या कामात येतील आणि त्या मिळकतीवर हक्कही सांगतील.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. विधवेने घराआड राहावे असा तो काळ. पण त्यांच्या पत्नी रमाबाई पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. त्याने अनेकींना शिक्षण दिले, तसेच रमाबाईंनाही पतीच्या कार्यापलीकडचे स्वतःचे कार्यक्षेत्र दिले. हे केवळ थोरामोठ्यांच्या घरी घडते असेही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावोगावच्या महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरदुरुस्तीच्या योजनेची माहिती त्यांनी घरोघरी पोचवली, बांधकामावर लक्ष ठेवले. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या. अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याचे धाडस शिबिरातल्या भाषणाने येत नाही. शेजारणीच्या पडक्या भिंतीसाठी विचारावे लागते तेव्हा येते. स्वतःसाठी मागताना ओशाळणारी बाई दुसरीसाठी मागताना ताठ उभी राहते, आणि तो ताठपणा घरी परतल्यावरही टिकतो. माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी कमाई.

यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. बायकांच्या फुकट श्रमावर आधीच घरे चालतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देताना आढळल्या, पुरुष ९७. त्यावर आणखी सेवा कशाला? गावात आरोग्याचे काम करणाऱ्या ‘आशा’ ताईंचे उदाहरण समोरच आहे: नाव स्वयंसेविकेचे, काम जवळपास पूर्णवेळ, आणि हातात तुटपुंजा मोबदला. ‘समाधान मिळते ना’ असे म्हणून त्यांचे वेतन टाळणे हा अन्याय आहे. पण म्हणूनच मंडळाचे काम आणि असे नेमून दिलेले काम या दोन्हींतला फरक नीट पाहायला हवा. जे काम नाकारता येते, ज्याचे निर्णय करणारीच घेते, त्यातूनच ती कमाई होते. नेमून दिलेल्या कामाला पगारच हवा.

म्हणून मंडळांनी आणि बचत गटांनीही स्वतःची झडती घ्यावी. अध्यक्ष आणि सचिव वर्षानुवर्षे त्याच, आणि बाकीच्या फक्त सतरंज्या उचलणार, हिशेबाच्या वहीवर अंगठा देणार, तर मिळकत दोघींचीच राहते. पदे फिरती ठेवावीत, बँकेत दर वेळी वेगळी सदस्य पाठवावी, बैठकीची वेळ मजुरीवरून परतणाऱ्यांना विचारून ठरवावी आणि प्रवासखर्च न मागता द्यावा.