चंद्र शाळेच्या वेळेतही उगवतो

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी 'चांद्रयान-३'चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला, तेव्हा देशभरातील असंख्य मुले दूरचित्रवाणीसमोर बसली होती. त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. म्हणजे यान ज्यावर उतरत होते तो अर्धा चंद्र त्याच क्षणी दक्षिणेच्या आकाशात बराच वर आलेला होता. पावसाळी ढगांनी वाट दिली असती, तर तो अंगणातूनही दिसला असता. परंतु 'बाहेर जाऊन पाहा' असे मुलांना किती ठिकाणी सांगितले गेले असेल? आपल्या विज्ञानशिक्षणाचे दुखणे नेमके येथे आहे.

वस्तुतः चंद्रकला आणि चांद्रमोहीम हे दोन वेगळे धडे नव्हेतच. विक्रम लँडर सौरऊर्जेवर चालणारा होता. म्हणून तो उतरविण्याचा दिवस तेथील सूर्योदयाचा हिशेब करूनच ठरविण्यात आला. चंद्रावरचा एक दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा. तो मावळतीला लागताच, ४ सप्टेंबरला, लँडर निद्रावस्थेत ठेवावा लागला. शुद्ध पक्षात चंद्र वाढतो याचा अर्थ तेथील एकेका प्रदेशावर ऊन पसरत जाते, एवढे ज्या मुलाला उमगले, त्याला मोहिमेचे वेळापत्रक निराळे शिकवावे लागत नाही. उलट चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा गैरसमज मोठ्या माणसांतही आढळतो. ती सावली ग्रहणाची. कलांचा तिच्याशी संबंध नाही. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावून मुलाने हातातला चेंडू स्वतःभोवती फिरविला, की हा भेद पाच मिनिटांत कळतो.

नवी मुंबईतील कळंबोलीसारख्या वसाहतीचे उदाहरण घ्यावे. लोखंड-पोलाद बाजार, मालमोटारींची वर्दळ, महामार्गाचा झगझगाट. तारे तेथे क्वचितच दिसतात. चंद्र मात्र दिसतो. शिवाय पोटापाण्यासाठी प्रांतोप्रांतीची माणसे तेथे आली आहेत. मराठी घरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहिली जाते. उत्तरेकडून आलेल्या कुटुंबाचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. मुसलमान घरात ईदची कोर शोधली जाते. खाडीकाठच्या कोळ्याला पौर्णिमा-अमावास्येचे उधाण ठाऊक असते. एका वर्गात चंद्राचे एवढे ज्ञान बसलेले असता, शिक्षण मात्र पाठ्यपुस्तकातील आठ वर्तुळे रंगविण्यावर थांबते.

शाळा दिवसा आणि चंद्र रात्री, अशी सबब यावर सांगितली जाईल. ती टिकणारी नाही. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळच्या सत्रातील मुलांना चंद्र पश्चिमेकडे कलताना दिसतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास तो दुपारी उगवतो आणि दुसऱ्या सत्राच्या मुलांना चार वाजता पूर्वेकडे सहज दाखविता येतो. शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा बोजा आहे, हे मात्र खरे आणि त्याचा विचार झालाच पाहिजे. तरीही या कामाला रोज पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

'चांद्रयान-३'वर सुमारे ६१५ कोटी रुपये खर्च झाले आणि तो खर्च सार्थकी लागला. परंतु अशा खर्चाचा खरा परतावा पुढच्या पिढीच्या जिज्ञासेतून यावयाचा असतो. केवळ टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांतून तो येत नाही. त्यासाठी प्राथमिक शाळेला दुर्बीण नको, सहलीचा खर्च नको. एक वही पुरे. मार्गशीर्षात आकाश निवळलेले असते. त्या महिन्यात प्रत्येक मुलाने साडेएकोणतीस दिवसांचे हे चक्र तिथी, वेळ, दिशा व आकार यांसह स्वतः नोंदवावे आणि घटक चाचणीतील काही गुण त्या वहीला द्यावेत. गुणांचे वजन पडल्याखेरीज आपल्याकडे काहीही शिकविले जात नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.